नगण्य परावर्तन

वेल्डरने तिचा कागद डोळ्यांसमोर न धरता डाव्या कानाच्या रेषेत धरला आणि मान किंचित वळवून, भलतीकडेच बघत, तो वाचायला सुरुवात केली.

"कुंड्यांचा स्टँड आहे," ती म्हणाली. "तीन पायऱ्यांचा. आईला आता खाली वाकवत नाही."

"कळतंय." त्याने कागद आणखी थोडा मागे नेला. "मला हल्ली सगळं कोपऱ्यातून दिसतं. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी नुसतं भोक. म्हणून तुमच्याशी बोलतोय आणि बघतोय त्या ग्राइंडरकडं. राग मानू नका."

"ग्राइंडर काही म्हणत नाही," कोपऱ्यात लोखंडी पट्ट्या रचणारी त्याची बायको म्हणाली. "माझ्याकडं बघायचं असलं की शेजारणीकडं बघतात. ती बिचारी पदर सावरत आत पळते."

तिघंही हसली. तिचं हसू जरा उशिरा आलं आणि लवकर गेलं.

शेड लहानच होती. तिन्ही बाजूंना पत्रा, पुढची बाजू रस्त्याकडे उघडी. भिंतीला टेकवून ठेवलेले चौकोनी पाइप, अँगलचे तुकडे, एका खिळ्याला काटकोन तपासायचे दोन गुण्ये आणि दोन मास्क शेजारी शेजारी टांगलेले. दोन्ही मास्कवर धूळ बसली होती. आता रोजंदारीवर एक माणूस दुपारनंतर येऊन वेल्डिंग करून जायचा, तो स्वतःचा मास्क घेऊन येई. हे तिला मागच्या आठवड्यातच समजलं होतं. तेव्हा ती "स्टँड करता का" एवढंच विचारून, ग्लासभर पाणी पिऊन, पळाल्यासारखी परत गेली होती.

"बसा ना, ताई," वेल्डरची बायको म्हणाली आणि स्टुलावरचा लोखंडाचा कीस हाताने झटकून तिने ते पुढे केलं.

ती बसली. आज सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. वाटेत वाक्यं जुळवली होती. पण ती वाक्यं अहवालातल्या वाक्यांसारखी होती. त्यांच्यात माणूसच नव्हता.

डोंगरापलीकडच्या तळावर तिला सगळे आकडेवाली म्हणत. किरण सोडायचा कुठून, तो कुठवर जाईल, कशावर आपटेल, आपटून कुठे फिरेल आणि त्या टप्प्यात कुणी माणूस येणार नाही ना, हे गणित तिचं. तिची सही झाल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नसे. अकरा वर्षांत तिने एकही सही उगाच केली नव्हती. अभिमान होता तिला त्याचा. सहकारी चेष्टेने म्हणत, आकडेवालीला विचारल्याशिवाय आमच्याकडं सूर्यसुद्धा उगवत नाही.

चाचणी तीन महिन्यांपूर्वी, सतरा तारखेला, मंगळवारी होती. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी छताखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आकाशात एक लहानसं ड्रोन उडवायचं आणि जमिनीवरून किरण सोडून ते पाडायचं, एवढाच कार्यक्रम. ती शेवटची तपासणी करायला गेली तेव्हा ड्रोनच्या डाव्या पंखाला तडा गेलेला दिसला. कुणीतरी त्यावर चंदेरी चिकटपट्टी लावून वेळ निभावली होती. तळहाताएवढा तुकडा, पण आरशासारखा लखलखीत. बाकी सगळ्या अंगाला नियमाप्रमाणे मळकट करडा रंग होता.

"यावर काळा रंग मारायला हवा," ती तंत्रज्ञाला म्हणाली होती.

त्याने घड्याळ बघितलं. "रंग वाळायला अर्धा तास. पाहुणे येऊन बसलेत." मग सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर थांबवतो."

त्या एका वाक्यासरशी आजूबाजूची चार-पाच माणसं हातातली कामं थांबवून तिच्याकडे बघू लागली. खुर्च्यांकडून कुणाच्यातरी हसण्याचा आवाज आला. तिला एकदम वाटलं, आपण म्हणजे लग्नाच्या घरात कुरबूर करणारी आत्या आहोत.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढ्याशा पट्टीनं काय होतंय."

आणि तिने सही केली.

संचालकांनी छोटंसं भाषण केलं. आपण लहानपणी गोष्टींमध्ये वाचायचो ते आज डोळ्यांनी बघणार आहोत, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. तिला आठवलं, ती आणि तिचा धाकटा भाऊ टॉर्चच्या तोंडाला लाल कागद लावून एकमेकांवर किरण सोडायचे. तोंडाने 'श्श्यूं' असा आवाज काढायचा आणि दुसऱ्याने गादीवर कोसळायचं. भाऊ फार सुरेख मरायचा. मेल्यावर लगेच उठून म्हणायचा, आता माझी पाळी.

प्रत्यक्षात ना रंग होता ना आवाज. किरण डोळ्यांना दिसतच नव्हता. थंड पाण्याचं यंत्र घरघरत होतं, पडद्यावर आकडे पळत होते. मग वर त्या ड्रोनचा पंख एका जागी काळवंडला, भोक पडलं आणि ते गिरक्या घेत खाली आलं. एका गिरकीत काहीतरी चमकलं. तेही फक्त तिलाच दिसलं असावं, कारण ती तेच बघत होती.

संध्याकाळी कुंपणावरचा एक कॅमेरा बिघडल्याचं कळलं. त्याच्या चित्रात मधोमध एक पांढरा ठिपका कायमचा बसला होता. तिने अहवालात कॅमेरा 'नादुरुस्त' असं लिहिलं आणि त्याखालच्या रकान्यात लिहिलं, 'परावर्तन: नगण्य.' शब्द लिहिताना हात थांबला नाही. पुढचे तीन आठवडे झोपही लागत होती.

मग ती आईला मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. आतलं बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत येत होतं.

"माझ्यामुळंच झालं हो," एक बाई सांगत होती. "मी वेल्डिंगचा आर्क मारायच्या आधी नेहमी 'डोळे' म्हणून ओरडते. त्या दिवशी ओरडलेच नाही. सतरा तारीख, मंगळवार. अकरा-साडेअकराची वेळ."

डॉक्टर काहीतरी लिहीत होते. वेल्डिंगचा उजेड, डोळ्यांच्या आतल्या पडद्याला भाजल्याची खूण, मधली नजर पुन्हा यायची नाही. बाजूची राहील.

पडदा सरकला. नवरा-बायको बाहेर आली. बायकोने त्याच्या दंडाला धरलं होतं आणि तो म्हणत होता, "अगं, मी आंधळा नाही. फक्त तू मधोमध उभी राहू नकोस."

त्या रात्री तिने नकाशा काढला. तळापासून ड्रोन, ड्रोनपासून तो कॅमेरा, आणि तीच रेघ तशीच पुढे. रस्ता, पाण्याची टाकी, पत्र्याच्या शेडची एक रांग. तिने पट्टी उचलली आणि पुन्हा ठेवली. रेघ हलली नाही.

"साखर किती, ताई?" वेल्डरची बायको विचारत होती. "चहा टाकते. मागंच घर आहे आमचं."

"नको, मी—"

"नको कसं? मागच्या खेपेला नुसतं पाणी पिऊन गेलात." ती मागच्या दाराने गेलीसुद्धा.

वेल्डरने कागदाची घडी घातली. ती खिशात न ठेवता बोटांत फिरवत राहिला. मागे भांड्याचा आवाज आल्यावर तो म्हणाला, "कुंड्यांच्या स्टँडला अर्धा मिलीमीटर कोण लिहितं, मॅडम?"

तिला समजलं नाही.

"प्रत्येक मापापुढं लिहिलंय तुम्ही. अर्धा मिलीमीटर कमी-जास्त चालेल. आमच्याकडं सुतात मोजतात, आणि कुंडीला तर तेवढंही लागत नाही. मागं एकदा पलीकडच्या तळावरून कपाटाच्या बिजागऱ्या दुरुस्तीला आल्या होत्या. त्या कागदावरही असंच होतं." त्याची नजर ग्राइंडरवर होती, म्हणजे तिच्यावर. "तुम्ही तिथल्याच ना?"

तिने मान हलवली. मग त्याला ती हालचाल दिसली नसेल असं वाटून म्हणाली, "हो."

"मग पहिल्या दिवशीच का नाही बोललात?"

वेल्डरने उत्तराची वाट बघितली नाही. तो आवाज आणखी खाली आणून बोलू लागला.

"मी आर्कजवळ नव्हतोच. फ्रेम शिकंज्यात अडकवली आणि म्हटलं, तू वेल्डिंगचे टाके मारून घे. ती मास्कच्या आत. आतून दुसरं काही दिसत नाही, फक्त आर्क. मी मागनं शिडी लावून पत्र्यावर चढलो. दोन दिवस ते उडणारं बघत होतो; म्हटलं, आज नीट बघू. दोन वर्षांपूर्वी तिथनंच पडलो होतो, तेव्हा हिनं शपथ घातली होती पुन्हा चढायचं नाही म्हणून. वर बघतो तर त्याचा पंख लुकलुकला. दुखलं नाही, काही नाही. नुसतं मधलं गेलं."

"तुम्ही डॉक्टरांना—"

"खाली आलो आणि म्हटलं डोळ्यांपुढं काहीतरी झालंय. ती म्हणाली, माझा आर्क बघितलात का? मी म्हटलं, बहुतेक." तो थांबला. "बहुतेक म्हटलं मी. पत्र्यावर चढलो हे सांगावं लागू नये म्हणून. वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही. तोवर ती दहा लोकांना सांगून बसली होती की माझ्यामुळं झालं. एकदा डॉक्टरांपुढं चेष्टेचा सूर लावून म्हणूनही बघितलं, पलीकडून किरणबिरण आला असेल. डॉक्टर हसले. म्हणाले, सिनेमे कमी बघा. आणि ही बाहेर येऊन रडली, की मला वाचवायला काहीही रचता म्हणून."

मागे कपबशा वाजल्या.

"सांगू नका तिला," वेल्डर म्हणाला. "तुम्ही आलात, मला कळलं, माझं मन हलकं झालं. मला तुमच्याकडून काही नको. स्टँड करून देतो, गुरुवारी घेऊन जा. पण तिला कळलं की आर्क नव्हता, तर ती पहिलं हेच विचारणार की मला कधीपासून माहीत होतं."

तिने त्याच्याकडे बघितलं. ज्याचे डोळे गेले तोच माणूस तिला सोडून देत होता. इतकं सोपं होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली, कारण ते खरोखरच उतरलं होतं.

चहा आला. बायको जमिनीवरच एका पाइपावर बसली. तिघांनी घोट घेतले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि पत्रे थरथरले.

"ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. एक विचारू?" बायको म्हणाली. "मला डॉक्टरांना विचारायची लाज वाटते."

"विचारा."

"माझा एक डोळा यांना बसवता येतो का? दोन्ही नाही म्हणत. एक." तिने बशी खाली ठेवली. "माझा चालतोय चांगला. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. मी यांना बोलले नाहीये, आत्ताच पहिल्यांदा बोलतेय."

वेल्डरने मान खाली घातली.

"नाही बसवता येत," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण फार लांबून आल्यासारखा. "आणि तुमच्यामुळं काही झालेलं नाही. तुमचा आर्क नव्हताच तो."

"ताई, तुमचं मन चांगलं आहे म्हणून—"

"मी डोंगरापलीकडच्या तळावर काम करते. तिथं एक यंत्र आहे, त्यातून किरण सोडतात. दिसत नाही तो. सतरा तारखेला अकरा वाजून चोवीस मिनिटांनी तो एका चमकत्या पट्टीवर आपटून इकडं आला. मी नकाशा काढून बघितलंय. रेघ या शेडवरून जाते."

बायको तिच्याकडे बघत राहिली. मग हलकेच हसली, आजारी माणसाची समजूत काढताना हसतात तशी.

"अहो, ऐकलंत का? तुम्हीच सांगितलं ना यांना त्या किरणाचं?" ती नवऱ्याला म्हणाली आणि पुन्हा वळली. "ताई, हे गोष्टींमध्ये असतं. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही एवढं रचलंत, तेच पुष्कळ झालं. पण मी काय केलं ते मला माहीत आहे. मी 'डोळे' म्हणून ओरडले नव्हते."

खरं सांगायला किती धैर्य लागेल याचा हिशेब तिने केला होता. ते कुणाला खरं वाटणारच नाही, हे मात्र तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं. आता उठून गेलं तरी चालणार होतं. सांगून झालं होतं. तिने पर्सचा पट्टा हातात घेतला.

"खरं आहे ते," वेल्डर म्हणाला.

"काय खरं आहे?"

"मी आर्कजवळ नव्हतो. मी पत्र्यावर होतो."

बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग वरच्या पत्र्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"कशाला चढला होतात?"

"ते उडतं ते बघायला."

"आणि मी खाली टाके मारत होते."

"हो."

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी तुमच्या समोर..." वाक्य तिने तसंच सोडलं. रडली नाही. उठली, तिन्ही कप गोळा केले, मागच्या दारापर्यंत गेली आणि पुन्हा येऊन ते होते तिथेच ठेवले. "तुमच्याशी मी नंतर बोलते," ती नवऱ्याला म्हणाली. ते इतकं शांतपणे म्हणाली की वेल्डर बसल्या जागी आक्रसला.

मग बायको तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"ती पट्टी चमकत होती म्हणालात. ती चमकतेय हे कुणाला माहीत नव्हतं?"

हा प्रश्न तिला तळावर कुणीही विचारला नव्हता. विचारला असता तर तिच्याकडे अनेक उत्तरं होती. बरीचशी अर्धीमुर्धी खरी.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "उडायच्या आधी बघितली होती मी. थांबवा म्हणाले असते तर थांबवलं असतं त्यांनी. माझ्यावरच होतं ते."

"मग?"

"लोक बघत होते. मला... मला लाज वाटली थांबवायची."

बायकोने हे ऐकून घेतलं. संताप येईल, हात उगारला जाईल, असं तिला वाटत होतं. खरं तर ते व्हावं असंच वाटत होतं. पण वेल्डरची बायको विचार करत होती. दिलेली मापं जुळतात की नाही हे बघणाऱ्या कारागिराचा चेहरा होता तो.

"अपघात म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं," ती शेवटी म्हणाली. "यांनीही सोडलं असतं. यांना सगळं सोडायचीच सवय आहे. पण हे तसं नाही, मॅडम."

ताईची मॅडम झाली, हे तिला ऐकू आलं.

"नाही," ती म्हणाली.

बायकोने फळीवरून पोरीची शाळेची एक जुनी वही काढली, कोरं पान शोधलं आणि मांडीवर घेतली. पेन दोनदा झटकलं.

"पहिल्यापासून सांगा. तुमचं पूर्ण नाव, हुद्दा, सगळं. सावकाश. मला भरभर लिहिता येत नाही. मग खाली सही करायची."

या एका पानामुळे उद्या काय होईल, हे तिला माहीत होतं. तळाच्या फाटकावर तिचं ओळखपत्र चालणार नाही. चौकशी बसेल. आईला काय सांगायचं, हेही ठरवावं लागेल. तिने नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. तारीख, वेळ, ड्रोनचा डावा पंख, तडा, पट्टीचा आकार. तंत्रज्ञ काय म्हणाला आणि ती काय म्हणाली. वेल्डर मान वळवून ऐकत होता. त्याची बायको वाकून एकेक अक्षर गिरवत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून.

"मग संध्याकाळी मी अहवाल लिहिला," ती म्हणाली. "त्यात परावर्तन नगण्य असं लिहिलं."

पेन थांबलं.

"काय नगण्य?"

"परावर्तन."

"ते कसं लिहायचं?"

"प, र ला काना, व," ती म्हणाली. "मग त. त वर रफार. शेवटी न."

बायकोने लिहिलं, लांब धरून बघितलं, रफार चुकीच्या अक्षरावर पडला होता तो खोडून पुन्हा काढला.

"पुढं?" ती म्हणाली.